ओळखीचा आवाज

आमच्या संस्थेत संशोधन तीन मजल्यांवर चालतं. तळमजल्यावर इतिहास आणि भाषा. पहिल्या मजल्यावर ग्राहक-वर्तन, म्हणजे माणसं दुकानात जाऊन काय घेतात आणि का घेतात याचा अभ्यास. दुसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्र. या तिघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. इतिहासवाले ग्राहकवाल्यांना ‘बाजारवाले’ म्हणतात, बाजारवाले इतिहासवाल्यांना ‘रद्दीवाले’ म्हणतात आणि प्राणिशास्त्रवाले कुणालाच काही म्हणत नाहीत, कारण ते खाली उतरतच नाहीत. मी या संस्थेच्या कार्यालयाचा अधीक्षक. शिक्षण कॉमर्सचं. एकतीस वर्षांत संशोधनातलं मला फार कळलं असं नाही. मला कळतं ते आवक आणि जावक. कोणता कागद कधी आला, कुणाकडे गेला, कधी परत आला, एवढं मला विचारावं.

जिन्याखाली एक लहान खोली आहे. तिला खिडकी नाही, दाराला आतून जाड कापड ठोकलेलं आहे. तीनही मजले कुठे एकत्र येत असतील तर या खोलीत. इथे कानसेन बसतात.

हे नाव त्यांना इतिहासाच्या बाईंनी दिलं. नेमणूक टंकलेखक म्हणून झाली होती, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. काम एकच, ध्वनिमुद्रित केलेलं ऐकायचं आणि शब्दाला शब्द कागदावर उतरवायचं. बंद पडलेल्या छापखान्यांतल्या म्हाताऱ्या कामगारांच्या आठवणी खालच्या मजल्यावरून यायच्या. ‘तुम्ही हाच साबण का घेता?’ अशा मुलाखती वरच्या मजल्यावरून. पूर्वी कॅसेट यायच्या, आता बोटाच्या नखाएवढी कार्डं येतात. पण येतात सीलबंद पाकिटातच, आणि पाकिटावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. माणूस हसला तर ते कंसात ‘हसतात’ लिहितात. बोलता बोलता थांबला तर किती सेकंद थांबला तेही लिहितात. डाव्या पायाखाली एक पट्टी असते, ती दाबली की आवाज थांबतो, सोडली की चालू. बसल्या बसल्याही त्यांचा डावा पाय हलत असतो, इतकी सवय.

एकदा प्राणिशास्त्राचे सर चक्क खाली उतरले. तळ्याकाठी रात्रभर मुद्रण करून आणलं होतं, बेडूक किती ते मोजायचे होते. यंत्राने दोनशे बारा मोजले होते. कानसेनांनी दोन दिवस ऐकून दोनशे नऊ सांगितले.

सर म्हणाले, “तीन कुठे गेले?”

“ते तीन बेडूक नाहीत. जवळ कुठेतरी पाण्याचा पंप आहे, त्याचा वॉशर गेलाय.”

सरांनी माणूस पाठवून पाहिलं. पंप निघाला. तेव्हापासून प्राणिशास्त्रवाले वर्षातून दोनदा तरी खाली उतरतात.

माणूस कामाचा पक्का, पण एकटा. लग्न केलं नाही. संस्थेपासून वीस मिनिटांवर एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली. दिवसभर कानात माणसं बोलत असतात, हसत असतात, रडत असतात, आणि त्यातलं एकही वाक्य यांना उद्देशून नसतं. आमच्या कँटीनच्या बाई तोंडाने फटकळ आहेत. त्या एकदा माझ्याकडे आल्या नि म्हणाल्या, “साहेब, तुमच्या कानसेनांचं काहीतरी करा. दर सोमवारी चहा मागतात तेव्हा आवाज फुटत नाही. शुक्रवारपासून गळा बंद ठेवलेला असतो. नळाला दोन दिवस पाणी नसलं की आधी नुसती हवा येते ना, तसं होतं. आधी हवा, मग ‘चहा’.”

मी हसलो. नंतर एका सोमवारी मुद्दाम कँटीनमध्ये जाऊन उभा राहिलो. बाई म्हणत होत्या ते खरं होतं.

त्यांना एक बहीण आहे, दहा वर्षांनी मोठी, शाळेत मास्तरीण होती. आई लवकर गेली, त्यामुळे वाढवलं तिनेच. टायपिंगच्या क्लासला हात धरून तिनेच नेऊन बसवलं. हे त्यांनी मला आपणहून कधी सांगितलं नाही. ते मला कळलं चौदा वर्षांपूर्वी, आणि कळण्याचं कारण मीच होतो.

इतिहासाच्या बाईंचा छापखान्यांवरचा अहवाल छापायला जायचा होता. शुक्रवार ही शेवटची तारीख मी दिली होती. कानसेनांकडे सहा मुलाखती बाकी होत्या. त्या मंगळवारी त्यांच्या ताईचा ऑफिसात फोन आला. तिचे यजमान बरेच दिवस आजारी होते. ती म्हणाली, “चार दिवस येऊन राहा. ह्यांना तुझ्याशी काही बोलायचंय.” कानसेन म्हणाले, “शनिवारी येतो, ताई.” नंतर काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी तीन दिवस जेवायची सुट्टीसुद्धा न घेता काम संपवलं आणि शुक्रवारी दुपारी एकच्या बसने, पिशवी घेऊन, निघाले. दारात पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. मेहुणे अकरा वाजता गेले होते, हे त्यांना तिथेच कळलं. ताईंना वाटलं, हा बातमी कळल्यावर आला. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, “जगाचं ऐकायला तुला वेळ आहे. ह्यांचं ऐकायला नव्हता. आता माझ्या दारात येऊ नकोस.”

कानसेन पिशवीसकट परत आले. सोमवारी कामावर होते. एवढ्यात परत कसे, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी हे एवढं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मी शुक्रवारीच निघालो होतो, एवढं एकदा तिला सांगायचंय. बाकी काही नाही.”

“मग सांगा ना. पत्र टाका.”

“दारात येऊ नको म्हणाली.”

“पत्र म्हणजे काय तुम्ही का?”

इतका नियमाने चालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं मला कौतुक होतं. तो अहवाल पुढे सात महिने छापखान्यात पडून राहिला, हे मात्र मी त्यांना बोललो नाही.

इथे आमचा एक नियम सांगायला हवा. तो मीच तयार केलेला आहे. पूर्वी एका टायपिस्टने शेजारणीची मुलाखत ऐकली आणि घरातल्या भांडणाचा गवगवा सगळ्या गल्लीत केला. तेव्हापासून असं ठरलं की ऐकताना बोलणारा माणूस ओळखीचा निघाला, तर त्या क्षणी थांबायचं, कार्ड पुन्हा पाकिटात घालायचं, सोबत चिठ्ठी लावायची आणि त्याच दिवशी माझ्याकडे आणून द्यायचं. चिठ्ठीचा नमुना छापलेला आहे: ‘ओळखीचा आवाज. मिनिट अमुक, सेकंद तमुक. पुढे ऐकले नाही.’ खाली सही. मग ते काम बाहेरच्या टायपिस्टबाईंकडे जातं. कानसेनांनी तोवर अशा तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्यातली एक त्यांच्या न्हाव्याची होती.

दुसरा नियम पाळीचा. पाकीट ज्या क्रमाने आलं त्या क्रमानेच उघडायचं. प्रत्येक मजल्याला स्वतःचं काम आधी हवं असतं, त्यामुळे हा नियम नसता तर जिन्यात मारामाऱ्या झाल्या असत्या. गेल्या वर्षी बाजारवाल्यांनी नवीन अभ्यास काढला, एकटी राहणारी माणसं खरेदी कशी करतात. चौदा मुलाखती झाल्या, पाकिटं ऑक्टोबरात आली आणि कपाटात रांगेला लागली. डिसेंबरात त्यांच्या विभागप्रमुख स्वतः जिन्याखाली आल्या; मी तिथेच होतो.

“अहो, आमचं जरा आधी घ्या ना. एवढे बेडूक थांबले तर काही बिघडणार आहे का?”

“नंबर आला की घेईन,” कानसेन म्हणाले.

“साहेब, तुम्ही तरी सांगा यांना!”

मी म्हणालो, “बाई, आज तुमचं आधी घेतलं तर उद्या बेडूकवाले माझ्या टेबलावर बसतील.” त्या पाय आपटत वर गेल्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून थोडंसं हसलो. कानसेन हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच.

त्या पाकिटांचा नंबर लागला जूनमध्ये. बावीस तारखेला सकाळी सव्वाअकराला ते माझ्या टेबलाशी आले. हातात पाकीट, वर चिठ्ठी. मी वाचली. ‘उत्तरदात्री क्रमांक नऊ. ओळखीचा आवाज. मिनिट शून्य, सेकंद एकोणीस. पुढे ऐकले नाही.’

“न्हाव्यानंतर आता कोण? दूधवाला?” मी गमतीने विचारलं.

“ताई आहे.”

मी चष्मा काढला. मग उगीच विचारलं, “एकोणीस सेकंदांत खात्री झाली?”

“‘चपला राहू द्या, आत या, इथे बसा’ एवढं म्हणाली. आवाज तोच. पण एवढ्याशा वाक्यात दोनदा श्वास घेतला.” त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. “साहेब, हे टायपिस्टबाईंकडून उतरून आलं की तुम्ही वाचणार ना?”

“वाचावं लागतं. ओळख पटेल असं काही असलं तर काळं करायचं असतं.”

“तिची तब्येत बरी आहे का, एवढंच सांगा. दुसरं काही नको.”

मी नाही म्हणालो. नियम माझाच होता. ते म्हणाले, “बरोबर आहे,” आणि गेले. दुपारी मी जिन्याखाली डोकावलो तर कानाला यंत्र लावून दहा नंबरची मुलाखत उतरवत होते.

टायपिस्टबाईंनी चार दिवसांत कागद आणून दिले. सत्तावीस पानं. मी काळ्या शाईचं पेन घेऊन बसलो. पहिली दहा पानं तेल, तांदूळ, काड्यापेट्या यांतच गेली. उत्तरदात्री फार बोलणाऱ्या नव्हत्या. अकराव्या पानावर मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं होतं, घरात एखादी वस्तू अचानक संपली तर तुम्ही कुणाला सांगता?

‘कुणाला सांगणार? संपली तर संपली. उद्या आणायची.’

‘जवळचं असं कुणी?’

‘एक भाऊ आहे, धाकटा. (थांबतात, चार सेकंद.) तुम्ही हे मशीनवर घेताय, ते पुढे लिहून कोण काढतं?’

‘आमच्या संस्थेतच एक जण आहेत, मावशी.’

‘नाव काय त्यांचं?’

‘ते नाही सांगता येत.’

‘नका सांगू. माझा भाऊ हेच करतो. लोकांचं ऐकत बसतो. मी एकदा रागाच्या भरात म्हटलं, दारात येऊ नकोस, तर पठ्ठ्या चौदा वर्षं आला नाही. असा आज्ञाधारक भाऊ कुणाच्या नशिबी असतो, सांगा बरं! लहानपणी दहा हाका मारल्या तरी अंथरुणातून उठत नव्हता. (हसतात.) काय रे, ऐकतोयस का? तूच असशील तर ऐक. मार्चअखेर मी हे घर सोडतेय. नणंदेकडे जाऊन राहणार आहे. त्याआधी यायचं तर ये. माझे कान गेलेत आता, दारात उभा राहून पुटपुटू नकोस, मोठ्याने हाक मार.’

‘मावशी, आपण साबणाकडे वळू या का?’

‘वळा.’

मी पान खाली ठेवलं. मुलाखतीची तारीख चौदा ऑक्टोबर होती. आज जूनची सव्वीस.

नियमाप्रमाणे तो सगळा उतारा काळा करायला हवा होता. मी केलाही, ओळ न ओळ, पट्टी धरून. पण पेनाचं टोपण लावताना मनात आलं की ही माहिती नाही, हा निरोप आहे. माहिती झाकणं हा आमचा नियम. पण निरोप आला तर ज्याचा त्याला पोचवणं हे आवक-जावकचंच काम आहे. आणि देणारीने तो स्वतःच्या तोंडाने, जाणूनबुजून दिलेला आहे. एकतीस वर्षांत मी एवढा ओढूनताणून युक्तिवाद कधी केला नव्हता. मी उठून जिन्याखाली गेलो आणि कापड लावलेलं दार लावून घेतलं.

मी जसं वाचलं तसं सांगितलं. साबणापर्यंत. ते मान खाली घालून ऐकत होते. डावा पाय पट्टीवर दाबून धरलेला होता, तो त्यांनी उचललाच नाही.

“तारीख काय?” ते म्हणाले.

मी सांगितली. त्यांनी स्वतःच उठून नोंदवही काढली, बोट फिरवत त्या ओळीवर आणलं. सोळा ऑक्टोबर, आवक. या कपाटात, त्यांच्या खुर्चीपासून दोन हातांवर, ते पाकीट आठ महिने होतं.

“बाजारवाल्या बाई डिसेंबरात आल्या होत्या,” ते म्हणाले.

“हो.”

“मी परत पाठवलं त्यांना.”

“आपण दोघांनी पाठवलं,” मी म्हणालो.

वही मिटून त्यांनी जागेवर ठेवली. मग त्यांनी अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. “शनिवारी याल का माझ्याबरोबर? घर मला माहीत आहे.”

गेलो. बसने पाऊण तास. रस्त्यात त्यांचे ओठ हलत होते. हाक मारण्याची तयारी चालली होती की काय कोण जाणे. घर खालच्या मजल्यावरचं, दारात तीन पायऱ्या. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तो ऐकूनच ते पहिल्या पायरीवर थांबले.

“ताईकडे मशीन नव्हतं,” ते म्हणाले.

दार एका शिंप्याने उघडलं. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. त्या काढून हातात घेत तो म्हणाला, “मास्तरीणबाई का? त्या गेल्या की. मार्चच्या तीस तारखेला. आम्ही एक तारखेला आलो.”

“काही निरोप?” मी विचारलं.

“निरोप कसला? हां, एक नंबर दिलाय. त्यांच्या नावाचं काही टपाल आलं तर कळवायला. आपण कोण त्यांचे?”

मी म्हणालो, “हे भाऊ.”

शिंप्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, खांदे मापावेत तसं. “भाऊ? आणि नंबर माझ्याकडे?” असं म्हणाला आणि आत जाऊन एका चिंधीवर खडूने आकडे लिहून घेऊन आला. कागद सापडला नसावा.

सोमवारी सकाळी त्यांनी ती चिंधी माझ्या टेबलावर ठेवली. “तुमच्या फोनवरून करतो. माझ्या घरच्या खोलीत माझाच आवाज घुमतो.”

मी नंबर फिरवून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत होता की मला माझ्या खुर्चीवर बसून सगळं ऐकू येत होतं.

“कोण बोलतंय?”

“मी... वहिनींचा भाऊ. म्हणजे तुमच्या वहिनींचा.”

“माझ्या वहिनीला भाऊ? अगंबाई! तो भाऊ होय! सवड झाली का?” या नणंदबाई. “तिला काही फोनवर ऐकू येत नाही हो. तोफ उडवली तरी म्हणते दार वाजलं. काय ते मला सांगा, मी तिच्या कानात सांगते.”

कानसेनांनी एका हाताने टेबलाची कड धरली. चौदा वर्षं सांगायचं राहिलेलं वाक्य तिसऱ्याच बाईला सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं. “त्यांना सांगा, मी शुक्रवारीच निघालो होतो.”

“कोणत्या शुक्रवारी? आज सोमवार आहे. तीन दिवस झाले, अजून पोचला नाहीत? गाडी चुकली की काय?”

मला हसू येत होतं आणि हसवत नव्हतं. कानसेन म्हणाले, “तसं नाही... ते जाऊ दे.”

मागून एक थकलेला आवाज आला, “कोण आहे गं?” त्यांचा हात टेबलावरून सुटला. नणंदबाई तिकडे तोंड करून ओरडल्या, “तुझा भाऊ! भा-ऊ! नाही, पाहुणा नाही, भाऊ!” मग पुन्हा फोनमध्ये, “हे बघा, फोनवर काही व्हायचं नाही. येताय की नाही ते सांगा, म्हणजे गादी उन्हात घालते. उगीच येतो म्हणून सांगायचं नि मी गादी घालायची, असं नको.”

“येतो.”

“कधी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजेचं पुस्तक आधीच काढून ठेवलं होतं. त्यांच्या नावाचं पान जवळजवळ कोरं होतं.

“उद्या,” ते म्हणाले.

ते नऊ दिवस नव्हते. जिन्याखालची खोली बंद होती आणि तरी तिथून जाताना मी पाऊल न वाजवता जायचो, सवयीने. दोन नवी पाकिटं आली, ती मी कपाटात रांगेत लावली. मग थोडा वेळ त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. दार लावल्यावर तिथे स्वतःचा श्वास सोडून काहीही ऐकू येत नाही. मी पाच मिनिटांत उठलो. या जागी माणूस अठ्ठावीस वर्षं बसला, आणि मी रोज दारावरून जात होतो.

दहाव्या दिवशी, गुरुवारी, ते आले. कँटीनच्या बाईंनी मला आल्या आल्या बातमी दिली, “आज आवाज लगेच फुटला. पण बसलाय. घसा पार फाटलाय.”

मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं. “काय, ओरडून ओरडून घसा बसला का?”

“हो. पहिले दोन दिवस. मग सोडून दिलं. तिला ऐकू येतच नाही, साहेब. माझा आवाज मुळातच बारीक. नणंदबाईंचं ओरडणं तेवढं पोचतं.” ते घोटभर पाणी प्यायले. “मग तीच बोलायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चौदा वर्षांचं सगळं. कोण आलं, कोण गेलं, गच्ची कधी गळली, सगळं. मी ऐकत होतो.”

“आणि तुमचं ते? शुक्रवारचं?”

“नणंदबाईंच्या तोंडून ते कसं सांगायचं? ओरडून सांगायची गोष्ट आहे का ती? सहाव्या दिवशी कागदावर लिहिलं. अर्धं पान. बस किती वाजताची होती, कुठे थांबली, सगळं लिहिलं. आणि तिच्या हातात दिलं.”

“वाचलं त्यांनी?”

“वाचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं.”

“काय म्हणाल्या?”

कानसेन त्यांच्या बोटांकडे बघत होते. “म्हणाली, अक्षर फार बिघडलंय तुझं.”

मी वाट पाहिली.

“एवढंच?”

“एवढंच. कागदाची घडी घातली, कनवटीला लावली आणि म्हणाली, पाणी तापलंय, आंघोळ करून घे.”